रुमाल टाकून धरलेली जागा

आमच्या ठकीची खालची उजवी दाढ काढली तेव्हा ती पावणेसात वर्षांची होती. जून २०२१. दुसरी लाट ओसरत होती, शाळा टॅबवर भरत होती, आणि कर्वेनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांतून दोन मोठी माणसं ‘माझा आवाज येतोय का’ एवढंच ओरडत असायची. त्या गडबडीत पोरगी ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून क्रीमची बिस्किटं खात होती, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधीचं पापही आमचंच. तीन वर्षांची होईपर्यंत रात्री झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध दातांवर तसंच बसून राहतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दाढ दुखते म्हणाली की सासूबाई लवंगेच्या तेलाचा बोळा धरायच्या आणि ती झोपून जायची. दवाखान्यात पाऊल टाकायला तेव्हा सगळेच बिचकत होतो. मग एका शनिवारी सकाळी उठली ती गाल फुगवूनच. हिरडीवर मुरमासारखा पांढरा फोड. घराजवळच्या डेंटिस्टकडे नेलं. त्यांनी औषधं दिली आणि सूज उतरल्यावर दाढ काढली. हात हलका होता त्यांचा, ठकीला कळलंसुद्धा नाही. बाहेर येऊन म्हणाले, “दुधाचीच दाढ होती, काळजी करू नका. नवी येईलच.”

या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ‘कधी’ ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उत्तर होतं, चार-साडेचार वर्षांनी.

दाढ पुडीत बांधून घरी आणली. सासूबाईंच्या मते ती कौलावर टाकायची असते, म्हणजे नवा दात चांगला येतो. तिसऱ्या मजल्यावर कौल कुठून आणणार? पार्किंगच्या पत्र्यावर टाकली. टण्णकन आवाज झाला, वॉचमन मान वर करून बघायला लागला, आम्ही तिघी आत पळालो. आमच्या लेखी विषय तिथे संपला.

तो मार्च २०२२ मध्ये पुन्हा निघाला, कारण डावीकडची तीच दाढ ठणकायला लागली. या वेळी नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेल्या बाईंकडे गेलो. लहान मुलांचे दात हाच विषय घेऊन एम.डी.एस. केलेल्या, दवाखाना कर्वे रोडला. आम्हाला तोवर असे वेगळे डॉक्टर असतात हेच माहीत नव्हतं. वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो त्याच महिन्यात, ६ तारखेला सुरू झाली होती. ‘दात दाखवलास तर मेट्रो’ असा सौदा ठरला. नळ स्टॉपवरून गरवारे म्हणजे पुढचंच स्टेशन, पण ठकीने आधी उलट वनाझपर्यंत जायला लावलं आणि मग दवाखान्याकडे वळली. उशीर झाला म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीने आमच्याकडे पुणेरी नजरेने पाहिलं.

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि दुखऱ्या डाव्या बाजूऐवजी आधी उजवीकडे पाहिलं.

“ही कधी काढली?”

“झाले की आठ-नऊ महिने.”

“आणि इथे काही बसवलं नाही?”

“काय बसवायचं असतं?”

त्या काही बोलल्या नाहीत. एक आरसा माझ्या हातात दिला आणि ठकीच्या तोंडात दिवा धरून दोन्ही बाजू दाखवल्या. डावीकडची सगळ्यात मागची दाढ ताठ उभी होती. उजवीकडची पुढे कलली होती, एस.टी.त शेजाऱ्याच्या खांद्यावर पेंगणाऱ्या माणसासारखी. फक्त इथे शेजारीच नव्हता.

मी म्हटलं, “पडेल की तीही. दुधाचीच ना?”

“नाही हो. ही कायमची.”

हे वाक्य ऐकून मी जी गप्प झाले ती झालेच. सहाव्या वर्षाच्या आसपास, कुठलाही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप एकेक दाढ येते. वर दोन, खाली दोन. पडला नाही म्हणून कुणी पुडी बांधत नाही, कौल शोधत नाही, आणि घरच्यांना वाटतं की दुधाचीच. मी गेलं वर्षभर त्या दाढांना दुधाच्या समजून ‘किडल्या तरी पडणारच आहेत’ अशा हिशेबात ब्रश करवून घेत होते. माझ्या ओळखीतल्या आठ-दहा आयांना मी नंतर मुद्दाम विचारलं. एकीला माहीत होतं, आणि ती स्वतः नर्स आहे.

तर ही कायमची दाढ मागून पुढे सरकायला बघत असते. तिच्यापुढे दुधाची दाढ उभी असली की तिला तिथेच थांबावं लागतं. ती आडकाठी काढली की मागची पुढे येते. खालची कलते, वरची तर कलते आणि स्वतःभोवती थोडी फिरतेही. आणि हे सगळं सावकाश होत नाही. जेवढी जागा जायची त्यातली बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच जाते. आमचे सहा महिने कधीच उलटून गेले होते.

डॉक्टरांनी मापं घेऊन प्लास्टरचे साचे केले. पुढच्या वेळी गेलो तर टेबलावर ठकीचे दोन्ही जबडे पांढरेशुभ्र मांडलेले. त्यांनी भूमितीच्या पेटीत असतो तसल्याच कर्कटकाने अंतर मोजलं. डावीकडची दुधाची दाढ जवळजवळ १० मिमी रुंद. उजवीकडे तीच दाढ होती तिथली मोकळी जागा उरली होती जेमतेम ७.

इथे माझ्यातली कॉमर्सवाली जागी झाली. मी विचारलं, खाली जो कायमचा दात येणार आहे तो केवढा असतो? त्या म्हणाल्या, दुधाच्या दाढेच्या जागी दाढ येत नाही, उपदाढ येते, आणि ती लहान असते, सात-सव्वासात मिमीची. मग मी म्हटलं, झालं तर, सात आहेत आणि सात लागणार आहेत, तक्रार कसली? त्या हसल्या. बहुतेक आईबापांनी हा प्रश्न विचारायला हवा आणि कुणी विचारत नाही, असं म्हणाल्या. (हे मी नवऱ्याला तीनदा सांगितलं आहे.) मग उत्तर दिलं. मागच्या दुधाच्या दाढेपेक्षा तिच्या जागी येणारी उपदाढ लहान असते हे खरं, पण पुढचा कायमचा सुळा दुधाच्या सुळ्यापेक्षा चांगलाच रुंद असतो. ही मागची शिल्लक त्या पुढच्या खर्चासाठी असते. सगळी वजाबाकी करून खालच्या जबड्यात एका बाजूला पावणेदोन मिमीच्या आसपास उरतात, त्यातही पुढचे दात थोडे दाटीने आले असतील तर तेही लागतात. आमच्या उजव्या बाजूने ती शिल्लक मोडून वर उधारी केली होती.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी धीर दिला, “अगं, जबडा वाढतो की मुलांचा, होते जागा.” मलाही तसंच वाटायचं. पण जबडा वाढतो तो मागच्या बाजूला, बाराव्या वर्षाच्या आणि अक्कलदाढेसाठी. दोन बाजूंच्या सहा वर्षांच्या दाढांच्या मधली कमान काही लांब होत नाही, उलट किंचित आखूडच होते. जे काही भागवायचं ते त्या कमानीतच.

डावी दाढ वाचवा म्हणून मी डॉक्टरांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विनवलं. त्यांचंही तेच मत होतं, की दाढेसारखा जागा राखणारा दुसरा नाही, रूट कॅनाल करून, वर कॅप घालून जेवढ्या वाचतात तेवढ्या वाचवायच्या. पण एक्स-रेत दोन मुळांच्या मधलं हाड पुवाने खाल्लेलं दिसत होतं, एक मूळ आतून पोखरलेलं. ती ठेवली असती तर खालच्या कायमच्या दाताच्या माथ्यालाच धोका. काढायचं ठरलं, पण या वेळी काढण्याच्या आधी जागेची सोय.

रात्री जेवताना ठकीने जाहीर केलं की तिच्या दाताला तार लावणार आहेत आणि ती लावून घेणार नाही. आमचे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होते, बरीचशी स्वारगेटला. ते म्हणाले, “ठके, गाडी फलाटाला लागली की लोक काय करतात?”

“खिडकीतून रुमाल टाकतात.”

“का?”

“जागा धरायला.”

“मग ती तार म्हणजे तुझ्या मोठ्या दाताचा रुमाल. तो अजून घरून निघालाय. तोवर मागच्या बाईने बूड टेकायला नको.”

ठकीला पटलं. मग आबांनी माझ्याकडे वळून कंडक्टरचाच प्रश्न विचारला. “पण ज्याच्यासाठी धरायची तो येणार आहे ना नक्की? पुष्कळदा रुमाल असतो आणि माणूसच नसतो.”

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना हेच विचारलं. त्यांनी सबंध जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओ.पी.जी. म्हणतात, तो लाइट बॉक्सवर लावला. काही मुलांना खालची दुसरी उपदाढ मुळात नसतेच, अक्कलदाढ सोडली तर ज्या दातांचा जन्मच होत नाही त्यांत हिचा नंबर बराच वर लागतो. मग जागा धरायची की मिटू द्यायची, याचा विचारच वेगळा करावा लागतो. ठकीच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंना हाडाच्या आत एकेक छोटा टोपीसारखा माथा दिसत होता. मूळ नुकतं फुटायला लागलेलं. दात हिरडीबाहेर येतो तेव्हा साधारण पाऊण मूळ तयार झालेलं असतं, म्हणजे प्रवासी घरून निघाला होता पण अजून गल्लीतच होता.

आता प्रत्यक्ष काय काय झालं ते. पहिल्या दिवशी डाव्या बाजूला दोन दाढांच्या फटीत एक निळं रबराचं कडं सरकवलं, मसुराच्या दाण्याएवढं. दोन दोऱ्यांनी ताणून आत घालतात. सेपरेटर म्हणतात त्याला. दाढेभोवती स्टीलची पट्टी चढवायला केसभर फट लागते, ती हे कडं तीन-चार दिवसांत पाडतं. दात फारसा दुखत नाही, पण भाताचं शीत अडकल्यासारखं सारखं वाटतं, आणि मूल बोट घालतं. आमचं कडं दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात बटाट्याच्या काचऱ्यांत सापडलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा कडं.

चौथ्या दिवशी कडं काढून मागच्या कायमच्या दाढेवर पट्टी बसवली. बांगडी म्हणा ना. वेगवेगळ्या मापांच्या बांगड्यांचा डबाच असतो, कासाराकडे असतो तसा. दोन ढिल्या झाल्या, तिसरी घट्ट बसली. मग ठकीला एक काडी चावायला दिली, ती चावली की बांगडी खाली उतरते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण रडली नाही, कारण तिच्यापुढचा मुलगा रडत बाहेर गेला होता आणि तिला त्याच्यापेक्षा शूर दिसायचं होतं.

मग माप. गुलाबी रंगाची लापशी एका ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात. मिनिटाभरात घट्ट होते. वास स्ट्रॉबेरीचा, पण उमासा यायचा तो येतोच. डॉक्टरांनी तिला सांगितलं, नाकाने श्वास घे आणि डाव्या पायाची बोटं एकेक करून हलव, करंगळी वेगळी हलते का बघ. करंगळी वेगळी हलवण्याच्या नादात मिनिट गेलं. ही युक्ती मी नंतर इंजेक्शनला, कान टोचताना आणि एकदा नवऱ्यावरही वापरली आहे. बांगडी मापात जशीच्या तशी रुतून बाहेर आली, त्या मापात प्लास्टर ओतून साचा होणार. लॅबवाले त्या साच्यातली दुधाची दाढ कापून टाकतात, म्हणजे तोंडातली काढायच्या आधी प्लास्टरमधली निघते, आणि रिकाम्या जागेवर ०.९ मिमीच्या स्टीलच्या तारेचा फास करून बांगडीला डाग देऊन जोडतात. फासाचं पुढचं टोक पुढच्या दुधाच्या दाढेला टेकतं. यालाच बँड अँड लूप म्हणतात. हिरडीपासून तार किंचित वर, म्हणजे रुतणार नाही, आणि फास इतका रुंद की खालून येणारा दात त्याच्या मधून निघेल.

दाढ त्याच दिवशी काढली. खालच्या दाढेला भूल देतात तेव्हा अर्धा ओठही बधिर होतो, दोन-तीन तास. डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं, ओठ चावू देऊ नका. मी रिक्षात तिच्याकडे बघत बसले, घरी आल्यावर अर्धा तास बघितलं, मग फोन आला. दहा मिनिटांनी परत आले तर ठकी टीव्हीसमोर बसून स्वतःचा ओठ च्युइंग गमसारखा चावत होती. तिला काहीच लागत नव्हतं, मजा वाटत होती. रात्रीपर्यंत ओठ टोमॅटोएवढा. दाढ काढल्याच्या जखमेचं तिला पुढे काही दुखलं नाही, ओठाने मात्र आठवडा काढला. तर फोन घेऊ नका.

आठवड्याने हिरडी भरत आल्यावर फास बसवला. दोन्ही बाजूंना कापसाच्या सुरळ्या, दाढ कोरडी करून सिमेंट, बांगडी दाबली, बाजूचं वाहिलेलं सिमेंट खरवडलं. दहा मिनिटांचं काम. तासभर खायचं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं चिक्की, चॉकलेटची टॉफी, च्युइंग गम, बर्फ नाही.

डावी बाजू सांभाळली गेली. उजवीकडे नुसता रुमाल टाकून चालणार नव्हतं, आधी बसलेल्या बाईला उठवायचं होतं. त्यासाठी काढता-घालता येणारी प्लेट आली. तिच्यात एक बारीक स्प्रिंग, ती कललेल्या दाढेला मागे ढकलते. तीनेक मिमीपर्यंत गेलेली जागा अशी परत मिळवता येते, त्यापुढे अवघड होत जातं, म्हणजे आम्ही कसेबसे कुंपणावर होतो. प्लेटचा रंग निवडायला मिळतो. ठकीने चकाकीवाला मोरपंखी निवडला आणि सोसायटीतल्या दोन मुलींना आपल्यालाही प्लेट हवी असं वाटायला लागलं.

प्लेट दिवसरात्र घालायची, जेवताना आणि ब्रश करताना काढायची. पहिले पंधरा दिवस ती ‘सकाळ’ला ‘शकाळ’ म्हणत होती. मग जीभ रुळली. खरी पंचाईत जेवणाची. हॉटेलात गेलो, डोसा आला, पोरीने प्लेट काढून कागदी रुमालात गुंडाळून बाजूला ठेवली. वेटरने टेबल पुसलं. आम्ही बिल देऊन डेक्कनच्या पुलापर्यंत आल्यावर ठकीचं तोंड बघून माझ्या लक्षात आलं. परत गेलो. त्या हॉटेलातल्या दोन पोऱ्यांनी मागच्या दाराला कचऱ्याचा डबा उपडा करून, सांबाराने भिजलेल्या कागदी रुमालांच्या ढिगातून मोरपंखी तुकडा शोधून दिला. पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून प्लेटची डबी माझ्या पर्समध्ये, आणि डबी उघडल्याशिवाय ताट पुढे नाही.

पाच महिन्यांनी पुन्हा कर्कटक. उजवीकडे ९ मिमीला थोडं कमी. म्हणजे गेलेलं बरंचसं परत आलं, सगळं नाही. डॉक्टर खूश होत्या, मी हिशेब करत होते. डावीकडच्या फासाला साडेतीन हजार लागले होते. उजवीकडे त्याच वेळी तो बसवला असता तर तेवढेच लागले असते. त्याऐवजी प्लेटचे सहा हजार, दर तीन-चार आठवड्यांनी स्प्रिंग आवळायची फेरी, अर्ध्या दिवसाच्या रजा, वाया गेलेला एक शनिवार-रविवार आणि कचऱ्याचा डबा. पहिल्या डॉक्टरांवर माझा राग आहे का? आहे. दाढ उत्तम काढली त्यांनी. एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं.

२०२३ च्या संक्रांतीला डावी बांगडी सुटली. गुळाची पोळी चालेल, तिळाची कडक वडी नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. पण हळदीकुंकवाला पाच घरी गेलं की मुलांच्या खिशात काय काय असतं ते आईला कळत नाही. सुटली हे ठकीने सांगितलं नाही. जिभेने वरखाली करायला तिला आवडायचं. तिसऱ्या दिवशी कंपासपेटीत खोडरबराच्या शेजारी फास सापडला. दोन धोके होते, एक तर गिळला असता, आणि दुसरं म्हणजे अर्धवट सुटलेल्या बांगडीच्या आत अन्न साचून खालची कायमची दाढच किडली असती. डॉक्टरांनी आधी ती दाढ नीट तपासली, एक पांढुरका डाग दिसला, त्यावर फ्लोराइडचा लेप लावला आणि तोच फास पुन्हा चिकटवला. वाकला नव्हता हे नशीब.

त्याच सुमारास नणंदेचा मुलगा झोक्यावरून पडला आणि त्याचा वरचा पुढचा दुधाचा दात गेला. पाच वर्षांचा. नणंदेचा फोन मला आला, कारण तोवर घराण्यात दातांची तज्ज्ञ मी झाले होते. “वहिनी, तार लावायची का गं?” मी छाती फुगवून म्हटलं, ताबडतोब लाव. ती डॉक्टरांकडे गेली तर त्यांनी सांगितलं, गरज नाही. सुळे आलेले असले की पुढच्या दातांची जागा सहसा मिटत नाही. दिसायला बरं वाटावं म्हणून खोटा दात लावायचा तर लावा. पडलेल्या दाताच्या खालचा कायमचा दात काही महिन्यांतच येणार असेल तरीही काही लावत नाहीत. तेव्हापासून मी फोनवर सल्ला देत नाही, एक्स-रे काढा म्हणते.

फास कायमचा इलाज नव्हताच. तो पुढच्या दुधाच्या दाढेला टेकून उभा असतो, आणि ती दाढ दहाव्या वर्षाच्या आसपास स्वतःच पडते, मागची उपदाढ यायच्या आधी. मग फास टेकणार कुठे? म्हणून खालचे पुढचे चारही कायमचे पटाशीचे दात आल्यावर, ऑगस्ट २०२३ मध्ये, फास आणि प्लेट दोन्ही काढून एकच तार लावली. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढांवर बांगड्या, आणि एका बांगडीपासून दुसरीपर्यंत आतून, पुढच्या दातांच्या पाठीला टेकत जाणारी कमान. लिंग्वल आर्च. चार दात यायच्या आधी ती लावत नाहीत, कारण कायमचे पटाशीचे दात दुधाच्या दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने येतात आणि तारेला अडतात. तोवर मेट्रो नदी ओलांडून रुबी हॉलपर्यंत गेली होती आणि ठकीला तिचं काही वाटेनासं झालं होतं.

या तारेत मेथी अडकते. पालक चालतो, शेपू चालतो, मेथी अडकते. दोन वर्षं मेथी न खाण्याचं ठकीचं हे अधिकृत कारण होतं. रात्रीचं ब्रश मी स्वतः करत होते, मोबाइलचा टॉर्च लावून, तार आणि हिरडीच्या मधून. नऊ वर्षांची मुलगी आईला दात घासू देत नाही असं लोक म्हणतात. घासू देते, त्या वेळी तिला गोष्ट सांगितली तर. दर सहा महिन्यांनी डॉक्टर तार काढून, दाढा साफ करून पुन्हा चिकटवायच्या. अकरावं लागलं तरी हे चालूच होतं. इतक्या वेळा गेलो की रिसेप्शनवरची ती मुलगी आता आम्हाला उशीर झाला तरी हसते.

यंदा मे महिन्यात डावी उपदाढ आली. सरळ, फासासाठी मोजून ठेवलेल्या जागेत, दोन्हीकडे थोडी फट राखून. सासूबाईंनी तिला आरशात बघायला सांगून गूळ-खोबरं हातावर ठेवलं. उजवीकडे मात्र नुसती टणक हिरडी. एक्स-रेत दात होता, पण किंचित वळलेला, जागा थोडी कमी पडते म्हणून खांदा तिरका करून शिरणाऱ्या माणसासारखा. डॉक्टर म्हणाल्या, येईल, थोडा फिरलेला येईल, पुढे तारा लावून सरळ करावा लागेल कदाचित. तो येईपर्यंत कमान ठेवूया.

आबा आता शहात्तर वर्षांचे आहेत, त्यांची स्वतःची खालची कवळी रात्री वाटीत असते. ते रोज संध्याकाळी ठकी क्लासहून आली की दारातच विचारतात, “आला का गं तुझा उतारू?”

परवा ती धावतच आत आली, तोंड वासून माझ्यापुढे उभी राहिली. मी टॉर्च लावला. उजवीकडे हिरडी फाटून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसत होतं. मी काही बोलायच्या आत ती आबांच्या खोलीकडे वळली होती.

“आबा, पायरीवर आहे. बेल मारू नका अजून.”